आवडतं पुस्तक: का आवडतं, आणि ते टिकवता कसं?

आषाढसर
दमट कपाट उघडलं की जो वास येतो ना, त्याने 'स्मृतिचित्रे'ची आठवण जागी झाली, म्हणून हा धागा. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक 1934 ते 1936 मध्ये चार भागांत आलं. आवडतं ते भाषेसाठी. वाक्यं बोलण्यातली, छोटी, आणि कितीही कठीण प्रसंग असला तरी विशेषणांची गर्दी नाही. एक प्रकरण मोठ्याने वाचून बघा, म्हणजे लय कळेल.

जुन्या प्रतींचं दुखणं म्हणजे कागद. त्या काळातल्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा आणि तुरटी, त्यामुळे आम्ल तयार होतं. हवा आणि उजेड कडांना आधी लागतो, म्हणून तांबूसपणा कडेकडून आत सरकतो. डागडुजी करण्याआधी एक परीक्षा करा. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा मागे-पुढे दोनदा दुमडा. तुटला तर त्या पुस्तकात सुई घालू नका, दोरा कागद कापत जाईल. अशी प्रत स्कॅन करून ठेवायची आणि वाचायला नवी आवृत्ती घ्यायची. स्कॅन करताना पुस्तक सपाट दाबू नका, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडा. बारीक टाइपातले रफार आणि अनुस्वार 300 डीपीआयला (स्कॅनची बारकाई मोजायचं माप) कधी कधी बुजतात, 400 ठेवा.

तुमचं पुस्तक, कारण आणि उपाय लिहा. उपाय प्रमाणासकट.

माणदेशी
बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी. 1955. एकही ओळ काढता येत नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

मेणदोरा
कोपऱ्याच्या परीक्षेत पास झालेल्या पुस्तकांसाठी शिलाई सांगतो.

आधी पुस्तक कसं बांधलंय ते बघा. कण्याकडून, म्हणजे पानं जोडलेल्या बाजूकडून, वरून पाहिलं की दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे दिसले तर ती फर्म्यांची शिलाई. सुटी पानं एकावर एक चिकटवलेली दिसली तर परफेक्ट बाइंडिंग. दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि सगळा घोटाळा इथेच होतो.

फर्म्यांचं असेल तर जुना दोरा कापून फर्मे सुटे करा, पेन्सिलीने क्रमांक टाका. जुनी भोकं चांगली असतील तर तीच वापरा, नवी पाडली की घडी कमजोर होते. डेमी (नेहमीच्या कादंबरीच्या) आकाराला पाच भोकं पुरतात, टोकाची दोन कडेपासून दीड सेंटिमीटर आत. दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही आणि टाका सरकत नाही. टोकाला आलं की सुई खालच्या फर्म्याच्या टाक्यातून काढून गाठ मारायची, मग वरचा फर्मा. दोरा नेहमी कण्याच्या दिशेने ओढा. वर ओढला तर कागद फाटतो.

जाड दोरा घेऊ नका. 20 फर्मे असतील तर 20 वेळा दोऱ्याची जाडी कण्यात जमा होते, कणा फुगतो आणि पुस्तक पाचरीसारखं दिसतं.

खळ: 1 वाटी मैदा, 5 वाट्या पाणी. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग मंद आचेवर 8-10 मिनिटं सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवा, गार करून पातळ फडक्यातून गाळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आंबट वास आला की फेकायची. चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे, कीड लागत नाही.

वेखंड
मेणदोरा, बाकी सगळं मान्य, मोरचूद नको. विषारी आहे, आणि तांब्याने कागदाचं ऑक्सिडेशन वाढतं. खळ लागली तिथेच पुढे कागद तपकिरी होऊन तुटतो. खळ कमी लावणं आणि पूर्ण वाळवणं हाच कसरीवरचा, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्यावरचा, उपाय. कसर पिठावर येते, आणि ओल असली तर जास्त येते.

मेणदोरा
वहीखात्याच्या बांधणीत मोरचूद चालायचा, तिथे 10 वर्षं टिकलं तरी काम झालं. आवडत्या पुस्तकाला नको, हे पटलं.

वाटीचमचा
रुचिरा!! कमलाबाई ओगले, 1970. कारण एकच: मापं वाटी-चमच्यात. तराजू लागत नाही, आणि वाटी कुठलीही असो, सगळ्या पदार्थांना तीच ठेवली की प्रमाण जुळतं. बिघडतं कुठे तर पिठाला एक वाटी आणि तुपाला दुसरी घेतली की.

पानावर तूप सांडलं तर लगेच कॉर्नफ्लॉवर भुरभुरा, वर टिपकागद, त्यावर वजन, 24 तास. मग मऊ ब्रशने झटका, गरज वाटली तर परत. जुना डाग मात्र जात नाही, घासत बसू नका, शाई उडते. पान ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका.

शेवटचं पान
वाटीचमचा ताई, विषय निघालाच आहे तर बेसनाचे लाडू का बसतात ते सांगा ना. सकाळी वळलेले संध्याकाळी चपटे.

वाटीचमचा
साखर गरम मिश्रणात पडते म्हणून. 2 वाट्या रवाळ बेसन, पाऊण वाटी तूप. मंद आचेवर तूप सुटेपर्यंत आणि खमंग वास येईपर्यंत भाजा, 25 मिनिटं तरी. खाली उतरवून कोमट होऊ द्या, बोट सुखाने टेकलं पाहिजे. मग दीड वाटी पिठीसाखर. गरमात घातली तर साखर विरघळते आणि लाडू पसरतो. तरी सैल वाटलं तर अर्धा तास झाकून ठेवा आणि मग वळा, लगेच बेसन वाढवू नका, कच्चं लागेल.

शेवटचं पान
समजलं. खूप आभार.

कोशवाचक
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831, वाढवलेली दुसरी 1857. आवडतो कारण शब्दाबरोबर त्याचे वाक्प्रचार, म्हणी, गावाकडचे अर्थ असं सगळं एकाच ठिकाणी मिळतं. एक शब्द बघायला गेलं की चार भेटतात.

पण शब्द सापडत नाही अशी तक्रार फार ऐकू येते. कारण लेखन जुनं आहे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, कोशात ते आहेत. 'पाच' शोधायचं तर 'पांच' बघा, 'काही' शोधायचं तर 'कांहीं'. क्रियापदं 'करणें', 'जाणें' अशी. अनुस्वारामुळे वर्णक्रमातली जागाच बदलते, म्हणून शब्द नाही असं वाटतं. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो, तिथेही अनुस्वारासकट आणि अनुस्वाराविना असे दोन्ही प्रयत्न करा. मराठीतच अर्थ हवा असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938, सात विभाग.

इतका जड ग्रंथ उभा ठेवला तर पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि आतला सांधा फाटतो. आडवा ठेवा, वर फार तर एखादं पुस्तक. आणि फळीवरून काढताना कण्याच्या वरच्या टोकात बोट घालून ओढू नका, कुठल्याच पुस्तकाला. शेजारची दोन पुस्तकं आत ढकला आणि मधलं दोन्ही बाजूंनी धरून काढा.

वेखंड
किड्यांचं सविस्तर. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या: कसर. आरपार गोल भोकं आणि बारीक भुसा: भुंगेऱ्याच्या अळ्या. मातीचे पट्टे: वाळवी, आणि ती पुस्तकात नाही, भिंतीत आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं करा आणि भिंतीचा इलाज करा, नाहीतर पुस्तकं साफ करून उपयोग शून्य.

पहिल्या दोघांसाठी गोठवणं. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बंद. घरच्या डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांना दोन आठवडे. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडायची नाही. गार वस्तूवर हवेतलं पाणी धरतं, ते पिशवीवर धरू दे, पानांवर नको. घाई करून लगेच उघडलं तर किडे मेलेले असतात पण बुरशी येते.

डांबरगोळ्यांनी किडे लांब राहतात, अंडी मरत नाहीत. लहान मुलांच्या खोलीत ठेवू नका. कडुलिंबाचा पाला कडकडीत वाळलेला हवा, ओला ठेवला तर आपणच ओल आत नेतो. वेखंडाची पूड सुती पुरचुंडीत, पानांना टेकणार नाही अशी, दर पावसाळ्याआधी बदलायची.

वाशिष्ठीकाठ
भिजलेल्या पुस्तकांबद्दल कोणी लिहिलं नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं. 2005 च्या आणि 22 जुलै 2021 च्या पुराचं पाणी तिथे शिरलं. जुनी पुस्तकं परत छापली जात नाहीत, म्हणून हे माहीत हवं.

पहिले 48 तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. चिखल लागला असेल तर पुस्तक घट्ट मिटून स्वच्छ पाण्यात धरा आणि बाहेरचा चिखल जाऊ द्या. उघडून पानं पुसू नका, गाळ धाग्यांत घुसतो. शाईचं हस्तलिखित असेल तर पाण्यात धरायचंच नाही. मग कोरा टिपकागद किंवा न छापलेला वर्तमानपत्री कागद दर 20-25 पानांनी, तासा-दोन तासांनी बदलायचा. जास्त कागद कोंबले तर कणा फाटतो. पाणी उतरलं की पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी थोडी उघडी. पंखा खोलीत फिरता, थेट पुस्तकावर नाही. उन्हात ठेवलं तर कडा आधी आखडतात, पान लाटेसारखं होतं ते कायमचं.

गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रं आधी बघा. ती वाळताना एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत. ओली असतानाच प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घाला.

पुस्तकं शंभर आणि हात दोन, असं असेल तर पिशव्यांत घालून गोठवून टाका. तिथे बुरशी थांबते, मग चार-चार काढून वाळवता येतात.

माणदेशी
आले. बनगरवाडी जपायची रीत सोपी, पुस्तक बारीक आहे. खाकी कव्हर घाला, पण पुठ्ठ्याला डिंक लावून चिकटवू नका, फक्त दुमडून आत. आणि सेलोटेप नको गं कोणी. दहा वर्षांत पिवळा होतो, चीक पानात उतरतो आणि पट्टी गळून पडते. फाटलं तर पातळ जपानी टिश्यूची पट्टी हाताने फाडून घ्या, कात्रीने नाही. फाटलेल्या कडेचे धागे मोकळे राहतात, ते पानात मिसळतात. खळ अगदी पातळ.

शेवटचं पान
गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. 1857 च्या धामधुमीत पायी फिरलेल्या भिक्षुकाने लिहिलेला, म्हणून त्यात लढाईबरोबर दक्षिणा, स्वयंपाक, वाटेतले मुक्काम हे सगळं आहे. घेताना संपादकाचं नाव बघा. चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये छापला तो त्यांनी फेरफार केलेला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढला तो 1966 चा. भटजींची स्वतःची भाषा हवी असेल तर दुसरा.

नव्या छापाच्या प्रतीची पानं सुटी होतायत, त्याला खळ चालेल का?

मेणदोरा
परफेक्ट बाइंडिंगला खळ नाही, पुस्तक उघडताना तडकेल. पांढरा पीव्हीए गोंद घ्या, तो लवचिक राहतो. जुन्या पुस्तकाला मात्र खळच, कारण पाण्याने परत सोडवता येते, पीव्हीए निघत नाही.

कण्यावरचा जुना कडक गोंद खरवडून काढा, हा राहिला तर नवा धरत नाही. पानं कण्याकडून ठोकून सारखी करा, दोन पुठ्ठ्यांमध्ये आवळा, कणा दोन बोटं बाहेर. पानं एका बाजूला वाकवून पातळ गोंद, मग दुसऱ्या बाजूला वाकवून परत. असं केलं की गोंद प्रत्येक पानाच्या कडेवर केसभर आत जातो. नुसता वरून फासला की पानं पुन्हा सुटतात. वर मलमलची पट्टी, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर उतरेल एवढी. रात्रभर वजनाखाली.

आषाढसर
मलमल आडवी लावायची की उभी?

मेणदोरा
उभे धागे कण्याला समांतर. पुठ्ठ्याचंही तेच, ज्या दिशेने सहज वाकतो ती दिशा कण्याला समांतर ठेवा, नाहीतर वाळल्यावर कव्हर वर उचललं जातं.