पहिल्या परिच्छेदापुढे कथा सरकत नाही: परिपूर्णतेचा हट्ट नेमका कसा सोडावा?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. गेल्या सहा वर्षांत मी एकही कथा पूर्ण करू शकलेले नाही. असे का होते हे आता मला बऱ्यापैकी कळले आहे, परंतु उपाय सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी वाशीच्या एका कार्यालयात हिशेबनीस आहे. सात वर्षांपूर्वी माझी पहिलीच कथा एका दिवाळी अंकात छापून आली आणि ओळखीच्या-अनोळखी बऱ्याच वाचकांनी ती आवडल्याचे आवर्जून कळवले. तो आनंद मोठा होता. परंतु त्यानंतर जे जे लिहायला घेतले, ते त्या कथेच्या शेजारी ठेवून पाहण्याची सवय मला जडली. आज संगणकावर माझ्या २३ फाइली आहेत आणि प्रत्येकीत एकेकच परिच्छेद आहे. मी पहिले वाक्य लिहिते, ते वाचते, त्यातला एखादा शब्द बोजड वाटतो म्हणून बदलते, बदललेल्या शब्दाने वाक्याचा तोल गेला असे वाटून सबंध वाक्य पुसते, आणि तासाभराने उठते तेव्हा पडद्यावर काहीही उरलेले नसते.

विषयांची वाण नाही. आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी, आपला शिसवी झोपाळा नव्या घराच्या दिवाणखान्यात मावणार नाही, एवढ्याच कारणासाठी संमतिपत्रावर सही करण्याचे नाकारले होते. ही कथा मला चार वर्षांपासून दिसते आहे. ती लिहिण्यासाठी मी रविवारी सकाळी मराठी ग्रंथसंग्रहालयातही जाऊन बसले. पण १८९३ पासून साठत आलेल्या त्या ग्रंथांच्या सान्निध्यात माझे वाक्य मला अधिकच क्षुद्र वाटू लागले आणि मी वही मिटून परत आले.

जवळची माणसे सांगतात, ‘इतका विचार करू नकोस, सुचेल तसे लिही.’ पण ज्या व्यवसायात एका पैशाचा फरक राहिला तरी ताळा जमेपर्यंत उठायचे नाही असे मी वीस वर्षे शिकले, त्या व्यवसायातल्या माणसाने हे करायचे कसे? आणि वाईट लिहिण्याची मुभा स्वतःला दिली, तर वाईट लिहिणेच हाताला लागणार नाही का?

उत्तर १ (कोपरी, ठाणे)

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे पुस्तपालन शिकवले आणि तेवढीच वर्षे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादनही केले, त्यामुळे आपला प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्या ओळखीचा आहे. माझ्या मते आपल्या व्यवसायाची शिस्त आपल्याला नडत नाही. आपण तिचा फक्त शेवटचा टप्पा लेखनात आणला आणि आधीचे सगळे टप्पे कार्यालयातच ठेवले.

जरा आठवून पाहा. व्यवहार घडला की त्याची नोंद आधी किर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत होते, घडलेल्या क्रमाने, जशी आली तशी. त्यानंतर खतावणी, म्हणजे कोणती नोंद कोणत्या खात्याची हे ठरवून ती तिथे नेणे. मग तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या बाकींची जुळणी, आणि सर्वांत शेवटी ताळेबंद. कोणताही हिशेबनीस १ एप्रिलला पहिली नोंद करताना वर्षअखेरचा ताळेबंद जुळतो की नाही हे पाहत नाही. तो पाहू लागला तर वर्षभरात एकही नोंद होणार नाही. आपण मात्र कथेचे पहिले वाक्य लिहिताना नेमके तेच करत आहात. किर्दीच्या पहिल्या ओळीवर आपण ताळेबंद मागता, आणि तो मिळत नाही म्हणून ओळच पुसता.

दुसरी गोष्ट पुसण्याची. मी पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगत असे की किर्दीत चुकलेली नोंद खरवडून काढायची नसते. तिच्यासाठी दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करायची असते, म्हणजे काय चुकले आणि ते कसे सुधारले हे दोन्ही वहीत राहते. आपण संगणकावर लिहिता आणि तिथे पुसलेल्याचा मागमूस राहत नाही. म्हणून माझी विनंती अशी की आपण काही दिवस रेघी वहीत पेनाने लिहावे. शब्द चुकीचा वाटला तर समासात ‘दुरुस्ती’ असे लिहून दुसरा सुचवावा आणि पुढे जावे. मूळ शब्दावर काट मारू नये.

वेळेबद्दलही एक सुचवतो. आपण वाशीला जाता म्हणजे बहुधा ट्रान्स-हार्बर लोकलने जात असाल. गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे थोडे लवकर निघाल्यास बसायला जागा मिळते. गाडी हलली की पेन उचलावे आणि तुर्भे स्थानक आले की वही मिटावी, मग वाक्य अर्धे राहिले तरी राहू द्यावे. अर्धे वाक्य दुसऱ्या दिवशी स्वतःच पुढे ओढून नेते, हा माझा संपादकीय लिहितानाचा अनुभव आहे. ऐरोली ते तुर्भे या पट्ट्यात मागचे वाचायला वेळच उरत नाही, आणि सध्या आपल्याला तेच हवे आहे.

आपला दर्जाचा आग्रह सोडा असे मी मुळीच म्हणणार नाही. खतावणीच्या वेळी तो पुरेपूर लागेल.

उत्तर २ (वाशी, नवी मुंबई)

सरांचे उत्तर मला पटले, तरी एका मुद्द्यावर माझा अनुभव वेगळा आहे आणि तो नोंदवणे आवश्यक वाटते. मी गेली अठरा वर्षे शास्त्रीय गायन शिकवतो. रियाजात बेसूर स्वर घोटला तर तोच गळ्यात बसतो आणि नंतर काढता काढता वर्षे जातात. त्यामुळे ‘आधी वाईट करा, मग सुधारा’ हे आमच्याकडे चालत नाही. ताईंची भीती मला निराधार वाटत नाही.

मात्र शिष्य अडला की मी त्याला अधिक चांगले गा असे सांगत नाही. मी लय निम्म्यावर आणतो आणि तुकडा लहान करतो. अख्खी तान जमत नसेल तर चार स्वरांचा पलटा, म्हणजे सरावाचा छोटा स्वरसमूह घेतो, तोही इतक्या संथ लयीत की चुकण्यास वावच राहू नये. ताईंनी कथा लिहायला न बसता केवळ झोपाळ्याचे वर्णन लिहावे: कड्यांचा आवाज, पितळेचा वास, बसल्याने गुळगुळीत झालेली कड. तुकडा लहान असेल तर नेटकेपणाचा हट्ट त्याला फार बाधत नाही. मैफलीच्या दिवशी लागणारी तयारी रोजच्या पहाटेकडून मागितली की गळा आखडतो. हे मी माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांच्याच बाबतीत अधिक पाहिले आहे.

पुन्हा उत्तर १

आपला मुद्दा मान्य आहे, परंतु एक फरक सांगावासा वाटतो. स्वर शेकडो वेळा तसाच घोटला जातो, म्हणून चूक मुरते. कथेच्या कच्च्या मसुद्यातले वाक्य एकदाच लिहिले जाते आणि पुढच्या वाचनात बदलले जाते. ते मुरण्याइतके टिकतच नाही. लहान तुकड्याची सूचना मात्र माझ्या सूचनेपेक्षा सरस आहे, आणि सुरुवात तिनेच व्हावी.

उत्तर ३ (नेरूळ, नवी मुंबई)

मी समुपदेशनाचे काम करते. या विषयावरील अभ्यासातून दोन-तीन गोष्टी येथे उपयोगी पडतील.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतावादाचे तीन प्रकार वेगळे केले: स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा करणे, इतरांकडून ती करणे, आणि इतर लोक आपल्याकडून ती अपेक्षितात असे मानणे. ताईंच्या लेखनात पहिला आणि तिसरा एकमेकांत मिसळलेले दिसतात, कारण अडचण सुरू झाली ती वाचकांच्या कौतुकानंतर. ज्या वाचकांनी आवडल्याचे कळवले, त्यांनी पुढची कथा तितकीच सरस हवी अशी अट घातली नव्हती. ती अट ताईंनी त्यांच्या तोंडी घातली. हा तिसरा प्रकार अलीकडे वाढतो आहे. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील माहिती एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकारांत वाढ आढळली आणि सर्वाधिक वाढ याच प्रकारात होती.

सुचेल तेव्हा लिहावे की ठरवून लिहावे, यावर रॉबर्ट बॉइस यांचा १९८३ चा एक छोटा प्रयोग आहे. लेखन अडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाने लिहायचेच नाही, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचे, आणि तिसऱ्याने रोज ठरलेल्या वेळी लिहायचेच. रोज लिहिणाऱ्यांची पाने तर अधिक भरलीच, शिवाय त्यांना नव्या कल्पनाही अधिक वेळा सुचल्या. प्रयोग लहान आहे, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण सुचण्याची वाट पाहिल्याने सुचत नाही एवढे तरी त्यातून दिसते. त्या तिसऱ्या गटावर न लिहिल्यास दंडाची अटही होती. ती ताईंनी मुळीच घेऊ नये, कारण स्वतःला शिक्षा करण्याची सवय त्यांना आधीच पुरेशी आहे असे वाटते.

उत्तर ४ (पाचपाखाडी, ठाणे)

मी गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या मार्गावर रांगोळी काढते. रात्री जमीन झाडून बसायचे आणि सकाळी यात्रा येण्याआधी उठायचे, एवढाच अवधी असतो. एखाद्या ठिकाणी रंग चुकून सांडला तर तो पूर्णपणे उचलता येत नाही, म्हणून त्याला सावलीत किंवा पदराच्या काठात सामावून घ्यावे लागते. काही वेळा तो काठ मूळ आराखड्यापेक्षा सुंदर होतो. उठण्याची वेळ आधी ठरलेली असणे हे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे साहाय्य आहे, त्यामुळे तुर्भे स्थानकाची सूचना मला फार आवडली.

प्रश्नकर्तीकडून, सतरा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवले तसेच केले, म्हणून वृत्तांत देणे माझे कर्तव्य समजते.

पहिले तीन दिवस केवळ झोपाळा लिहिला, तोही यादीसारखा. चौथ्या दिवशी घणसोलीपाशी मागचे पान उलटून वाचण्याची इतकी तीव्र इच्छा झाली की मी वहीच्या लिहिलेल्या पानांना रबरबँड लावले. तेव्हापासून ते तसेच आहे. समासात ‘दुरुस्ती’ हा शब्द सुरुवातीला पानामागे दहा-बारा वेळा येत असे, आता तीन-चार वेळा येतो. कमी चुकते म्हणून नव्हे, तर त्या चुकांशी थांबण्याची निकड कमी झाली म्हणून. सुट्टीचे आणि एका ताप आलेल्या दिवसाचे अंतर सोडता तेरा दिवसांत ३१ पाने झाली आहेत. त्यातला बराचसा भाग कच्चा आहे आणि तसा तो मला दिसतोही.

परंतु एकोणिसाव्या पानावर एक गोष्ट घडली. आजींकडे सही मागायला सोसायटीचे सचिव येतात, एवढा साधा प्रसंग मी लिहीत होते. त्यांना काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी त्यांना झोपाळ्यावर बसवले, आणि ते बसताच मला कळले की लहानपणी शाळा सुटल्यावर, आई कामावरून येईपर्यंत, ते रोज याच झोपाळ्यावर बसत असत. चार वर्षे ही कथा डोक्यात होती, तरी हे मला माहीत नव्हते. पहिला परिच्छेद कितीही घासला असता तरी तो माणूस तिथे आलाच नसता, कारण तो त्या परिच्छेदात नव्हताच.

सरांनी खतावणीचे म्हटले होते, ती या रविवारी सुरू करते आहे. पहिली अकरा पाने आजींच्या खात्यावरून काढून सचिवांच्या खात्यावर न्यावी लागतील असे दिसते.