मदत हवी आहे: टंगस्टन ६४+ ची गणना चौथ्या थरावर अडकते

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प आहे, गाव दिग्रसपासून आत. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही.

ग्रास्प २०१८ (अणूच्या ऊर्जापातळ्या काढायचा प्रोग्राम) वापरतोय. हात बसावा म्हणून आधी एकच इलेक्ट्रॉन उरलेलं युरेनियम घेतलं. बोरच्या साध्या सूत्रानं १एस ची (सर्वांत आतल्या ऑर्बिटलची) बंधनऊर्जा ११५.२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट येते, सापेक्षता धरणाऱ्या डिराकच्या समीकरणानं १३२.३. एवढा फरक पाहिल्यावर सापेक्षता काहून लागते हे विचारायची गरजच राहिली नाही.

आता ६४ इलेक्ट्रॉन काढून १० उरलेलं टंगस्टन करतोय, निऑनसारखं. (इटर या संलयन अणुभट्टीच्या डायव्हर्टरला, म्हणजे उष्णता नि राख बाहेर काढणाऱ्या भागाला, टंगस्टन लावतात, म्हणून सरांनी हे दिलं.) २पी मधून ३एस, ३पी, ३डी मध्ये एक इलेक्ट्रॉन उचलून पातळ्या काढल्या, तिथवर ठीक. सहसंबंधासाठी (इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात तो परिणाम धरायला) ४एस ते ४एफ हा चौथा थर जोडला की गणना स्थिरावतच नाही. कधी ४डी च्या नोडची (तरंगफल शून्य होतं त्या जागांची) संख्या चुकते म्हणून थांबते, कधी ऊर्जा वरखाली होत राहते. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री लाइन गेली, बॅटरीही बसली. आता काय करू, राजेहो?

उत्तर १
भाऊ, सगळी ऑर्बिटल एकदम मोकळी सोडली का? आणि ४ च्या थराला स्पेक्ट्रोस्कोपिक (खरोखर इलेक्ट्रॉन बसलेली ऑर्बिटल) म्हटलं का?

धागाकर्ता
हो, दोन्ही केलं. स्पेक्ट्रोस्कोपिकचं विचारलं तिथं स्टार दाबून पुढे गेलो.

उत्तर १
तोच घोळ. स्पेक्ट्रोस्कोपिक म्हटलं की प्रोग्राम नोड मोजतो. सहसंबंधाच्या ऑर्बिटलला तो नियम लागत नाही, ती इलेक्ट्रॉन असतो तिथंच आखडून बसतात. म्हणून तिथं रिकामं एंटर. ३ पर्यंतची गोठवा, फक्त नवा थर बदलू द्या. सुरुवातीचा अंदाज जुन्यांसाठी आधीच्या फाइलमधून, नव्यांसाठी थॉमस-फर्मी (अणूचं ढोबळ सरासरी प्रारूप). थर जमला की आरसेव्ह (निकाल जपायची आज्ञा) करून वेगळ्या नावानं ठेवा, म्हणजे लाइन गेली तर तेवढाच थर पुन्हा. ४ जीबीत १एस मधून उत्तेजन सध्या नको, इलेक्ट्रॉनांच्या मांडण्यांची यादी फुगते.

धागाकर्ता
आणि ब्राइट (इलेक्ट्रॉनांमधल्या चुंबकीय वगैरे परिणामांची दुरुस्ती)? तो इथंच घालायचा का?

उत्तर १
नाही, नंतर आरसीआयमध्ये (ऑर्बिटल तीच ठेवून मांडण्यांचं मिश्रण काढायचा पुढचा टप्पा). स्वऊर्जा नि निर्वात ध्रुवीकरण या क्वांटम दुरुस्त्याही तिथंच. पण घालाच, इतक्या भारी आयनात हे सोडलं तर मोजलेल्या रेषांशी मेळ बसणार नाही.

धागाकर्ता
४ चा थर १४ फेऱ्यांत बसला! ५ चा आज रात्री लावतो. बाबा वावरात पाणी द्यायला जातील तेव्हा लाइन असतेच.