लिमालामा सामोआची की कॅलिफोर्नियाची?

फटकळ_फडके: शेजारच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, 'लिमालामा ही पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांची हजारो वर्षांची युद्धकला, आजही जशीच्या तशी.' वाचून डोकं फिरलं. अहो, टिनो तुइओलोसेगांनी ती १९६५ साली दक्षिण कॅलिफोर्नियात उभी केली! आदल्याच वर्षी लाँग बीचला कराटेवाल्या एड पार्करची पहिली आंतरराष्ट्रीय कराटे स्पर्धा झालेली, जिकडेतिकडे त्याच्या केन्पोचा, म्हणजे कराटेच्याच एका प्रकाराचा, बोलबाला. त्या हवेतली कला जशीच्या तशी कशी राहील?

सह्याद्रीवारा: तो 'कुणीतरी' मीच. हजारो वर्षं जास्त झाली, सोडा. पण टिनो स्वतः सामोअन, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकलेले, असं त्यांचे शिष्य सांगतात. लेखी पुरावा कुठून आणू? बेटांवर दप्तरखानं होतं का? गोल फिरणारे हात बघा, वार अडवता अडवता उलटा वार. हे केन्पोतून आलं म्हणता?

फटकळ_फडके: हो, केन्पोतही आहे. जुनंच हवं तर हवाईची लुआ बघा. सांधे निखळवणं, हाडं मोडणं, शार्कचे दात बसवलेली शस्त्रं. आणि काजुकेन्बोवाले बघा, तीही हवाईचीच, पण मिसळून केलेली कला. १९४७, होनोलुलूतली पालामा वस्ती, पाच जण, काय काय मिसळलं ते उघड सांगतात. तुमच्या प्राचीन सामोआत ब्लॅक बेल्ट कुठून आला हो? तो १८८०च्या दशकात जुदोत, जुदोचे जनक कानोंनी आणला.

ठाणेकर_आई: बेल्ट! बरं झालं विषय काढलात. लेकाच्या कराटे क्लासात सारख्या परीक्षा. फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे. पोराला अजून धड पडता येत नाही, पण कमरेला ब्राऊन बेल्ट!

शनिवारचा_सर: मॅडम, हॉलचं भाडं कोण भरतं? मी शिकवतो, मला माहीत आहे. डान्स क्लासच्या गॅदरिंगला ड्रेसचे पैसे मुकाट देता ना?

ठाणेकर_आई: मुकाट? तिथेही भांडते. तुमच्यासारखेच सर तिथेही आहेत.

फटकळ_फडके: मंडळी, धागा सामोआचा आहे.

शनिवारचा_सर: बेल्टचं तुम्हीच काढलंत. रंगीत बेल्ट तर १९३०च्या दशकात पॅरिसला जुदो शिकवणाऱ्या कावाइशींनी रुजवले. मग काय, जुदो बोगस?

ठाणेकर_आई: जुदो नाही, फी बोगस.

मेक्सिकोहून_परत: मेक्सिकोत लिमालामा चिकार चालते. तिथे नोकरीला असताना सहकाऱ्याच्या मुलीचा क्लास बघायला गेलो. मनगट धर म्हणाली, धरलं, आणि क्षणात मी जमिनीवर. कला १९६५ची की १५६५ची, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

सह्याद्रीवारा: घ्या!

फटकळ_फडके: घ्या काय? आमच्या तालमीतही आडवं पाडतात, म्हणून ती सामोअन झाली? बरं, संस्थापक सामोअन, चार डाव घरचे असतील, मान्य. आता काय, सर्टिफिकेट देऊ?

ठाणेकर_आई: फी आधी विचारा.