विंचेस्टर ९४ रायफल, .३०-३० काडतूस: डागलेल्या पुंगळीतून प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बाहेर डोकावतोय. हेडस्पेस (काडतुसाचं बूड बसायच्या जागेचं माप) गेलं का?

नळीनळी
मॉडेल ९४, अनुक्रमांक ११ लाखांच्या घरात, म्हणजे १९६४ च्या बऱ्याच आधीची. १७० ग्रेनची ओतीव शिशाची गोळी, दारू हलकी. डागल्यावर प्रायमर बोटाला लागेल इतका वर येतो. दाब जास्त झाला असं दोघांनी सांगितलं. तिसऱ्यांदा भरलेल्या दोन पुंगळ्यांवर बुडाच्या थोडं वर चकचकीत कडंही दिसतंय. शिवाय रिसिव्हरचं (रायफलीच्या मधल्या सांगाड्याचं) ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, पापुद्र्यासारखं सुटतंय. नवं करून घ्यावं का?

जुनापोलाद
दाब जास्त नाही, उलट कमी आहे. फायरिंग पिनचा ठोसा बसला की काडतूस पुढे सरकतं आणि रिम (बुडाची बाहेर आलेली कड) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाच्या, काठावर अडते. मागे बोल्टपर्यंत (काडतुसाला मागून टेकणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) जी फट उरते, तिच्यात प्रायमर मागे येतो. पूर्ण दाबाच्या काडतुसात पुंगळीच्या भिंती चेंबरला चिकटतात, बूड ताणून मागे येतं आणि प्रायमर परत आत दाबला जातो. हलक्या दारूत हे ताणणं होतच नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. म्हणजे बाहेर आलेला प्रायमर हे तुमच्या फटीचं माप आहे.

तेच मोजा. पुंगळीत फक्त प्रायमर बसवा. दारू नाही, गोळी नाही. सुरक्षित दिशेला नळी धरून डागा आणि प्रायमर बुडापासून किती वर आला ते कॅलिपरने बघा. त्यात त्याच पुंगळीच्या रिमची जाडी मिळवा, की हेडस्पेस मिळालं. .३०-३० ला ते किमान ०.०६३ आणि कमाल ०.०७० इंच. नो-गो गेज (ज्याच्यावर बोल्ट बंद होऊ नये असं तपासणीचं माप) साधारण ०.०६७ चं असतं.

गेज लावण्याआधी बोल्ट काढून लॉकिंग बोल्टच्या (बोल्टला मागून अडवणाऱ्या ठोकळ्याच्या) खाचा मात्र साफ करा. जुनं ग्रीस तिथे डिंकासारखं घट्ट होतं आणि लॉकिंग बोल्ट पूर्ण वर चढत नाही. या रायफलीत घोडा थेट फायरिंग पिनवर आपटत नाही, लॉकिंग बोल्टमधल्या स्ट्रायकरवर आपटतो, त्यामुळे तो अर्धवट चढला तर ठोसाही बिघडतो.

सपाटनाक
कडं बघून मला जास्त काळजी वाटली. तिथे पुंगळी आतून पातळ होत चालली आहे, पुढे बूड तुटून वरचा भाग चेंबरमध्येच अडकतो. तारेचं टोक काटकोनात वाकवून टोकदार करा आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. खाच लागली तर पुंगळी भंगारात. कारण बहुतेक साइझिंग डाय (पुंगळी परत मापात दाबणारा साचा) असणार: पूर्ण खाली बसवली की खांदा (पुंगळी गळ्याकडे निमुळती होते तो उतार) दरवेळी मागे ढकलला जातो आणि पुढच्या बाराला पुंगळी पुन्हा ताणते. डाय थोडी वर घ्या, म्हणजे पुंगळी रिमऐवजी खांद्यावर टेकेल. लिव्हर बंद करताना जोर लागायला लागला तर जास्त वर घेतली असं समजा.

आणि ट्यूब मॅगझीनमध्ये टोकदार गोळी नको. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं, धक्क्याने मॅगझीनमध्येच बार उडू शकतो. चपट्या नाकाची घ्या.

नळीनळी
खाचा साफ केल्या, काळं ग्रीस बरंच निघालं. रिम ०.०६०, प्रायमर ०.००८ वर. दोन्ही कडंवाल्या पुंगळ्यांत तार अडकली, फेकून दिल्या.

जुनापोलाद
म्हणजे ०.०६८. नो-गोच्या पुढे, पण कमाल मर्यादेच्या आत. डाय नीट लावून हलक्या बारांना चालेल, दर भरणीला तार फिरवत राहा. ०.०७० ओलांडलं तर मोठ्या मापाचा लॉकिंग बोल्ट गनस्मिथकडून घासून बसवून घ्यावा लागेल. हे घरी कानशीने करायचं काम नाही.

शिशाची गोळी नळीच्या मापाची आहे ना, तेही बघा. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हातोडीने आरपार नेऊन मायक्रोमीटरने मोजा. नोंदीचं माप ०.३०८, पण घासलेली नळी जास्त भरते. गोळी त्याहून ०.००१ ते ०.००२ मोठी हवी. लहान असेल तर शिसं नळीला चिकटतं आणि नेम भरकटतो.

पितळीपेटी
ब्लूइंगला हात लावू नका. त्या काळातल्या ९४ च्या रिसिव्हरवरून ते सुटतंच, संग्राहकांना ते माहीत असतं. पॉलिश झालं की कडा गोल होतात, छाप पुसट होतात आणि मूळ रायफलीची किंमत कोसळते. तेलाचा फडका फिरवा, बस्स. स्क्रू काढताना पाचरीसारखा निमुळता ड्रायव्हर वापरू नका, खाचेत तळापर्यंत बसणारा समांतर पात्याचा घ्या. चिरडलेली स्क्रूची खाच गिऱ्हाइकाच्या नजरेत सगळ्यात आधी भरते.