सही राष्ट्रपतींची, कारभार पंतप्रधानांचा, असं का?

परळची आई
लेक आठवीत आहे. नागरिकशास्त्र करताना तिनं विचारलं, "कायद्यावर सही राष्ट्रपतींची, सेनादलांचे सरसेनापतीही तेच, मग निर्णय पंतप्रधान कसे घेतात?" 'राष्ट्रपती नामधारी' एवढ्यावर तिचं समाधान होईना. कुणी नीट समजावेल का?

गिरगावकर
राष्ट्रपती देशाचे प्रमुख, पंतप्रधान सरकारचे. पंतप्रधानांना लोकसभेत बहुमत टिकवावंच लागतं. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं. राष्ट्रपतींना असं पाडता येत नाही, महाभियोगच चालवावा लागतो. शिवाय त्यांना आपण थेट निवडत नाही, आपण निवडून दिलेले खासदार-आमदार मतदान करून निवडतात. माझं ऑफिस नरिमन पॉइंटला, त्यामुळे त्या मतदानाच्या दिवशी विधान भवनाबाहेरचा बंदोबस्त बघतो. आमदारांना गुलाबी मतपत्रिका, खासदारांना हिरवी.

दादरचे मास्तर
ताई, नामधारी म्हणून विषय मिटवू नका. लेकीला 25 जून 1975 ची रात्र सांगा. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या शिफारशीवरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्याच रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी! मंत्र्यांनी विचार करण्याआधीच सही होऊन गेली होती. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे घटनेतच लिहिलं गेलं. मग 1978 च्या 44व्या दुरुस्तीनं दोन गोष्टी केल्या. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, आणि कुठलाही सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पुन्हा तोच आला तर मात्र मानावा लागतो.

त्या 'एकदा'ला किती वजन आहे बघा. 1997 मध्ये गुजराल सरकारनं उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली आणि सरकारनं आग्रह सोडला. झैलसिंगांनी तर 1986 चं टपाल विधेयक, ज्यात लोकांची पत्रं अडवण्याचे अधिकार सरकारला मिळणार होते, ना सही करून दिलं ना परत पाठवलं. संसदेनं मंजूर करूनही त्याचा कायदा झाला नाही.

परळची आई
सर, नारायणन यांचं उदाहरण तिला लगेच पटलं. आता म्हणते, मग पंतप्रधानही राष्ट्रपती हवा तो नेमतात का?

दादरचे मास्तर
नाही. बहुमत स्पष्ट असेल तर त्या नेत्यालाच बोलावावं लागतं. लोकसभा त्रिशंकू असेल तेव्हाच त्यांचा स्वतःचा विवेक कामी येतो. 1996 मध्ये शंकर दयाळ शर्मांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं. बहुमत जुळलं नाही आणि 13 दिवसांत राजीनामा द्यावा लागला. राष्ट्रपती शपथ देतात, पण पुढचा आकडा लोकसभेतच जुळवावा लागतो.