मदत हवी आहे: कबड्डीत डोक्याला मार लागू नये म्हणून तुम्ही काय करता?

नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत मी मुलांना कबड्डी शिकवतो. मॅट नाही, मैदान तांबड्या मातीचं. पाऊस सरला की टणक होतं. परवा सरावात चढाई करणाऱ्याचा घोटा धरायला दोन्ही कोपऱ्यांतली पोरं एकाच वेळी वाकली आणि डोक्यावर डोकं आपटलं. एक जण उठला खरा, पण चढाई कोणाची चालली होती तेच त्याला सांगता येईना. लगेच बाहेर बसवून डॉक्टरांकडे नेलं.

मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, आणि शुद्ध हरपली नाही तरी हादरा बसलेला असू शकतो. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर थेट दवाखाना. पण पालकच म्हणतात, "एवढ्याशानं काय होतंय, रविवारी सामना आहे, उतरवा त्याला!" त्यांना कसं समजावता?

आणि डोकं बाजूला ठेवून पकड करायची सवय लागेल असा सराव कोणी घेतं का? मैदानावर रेती पसरावी, की पाय रुततील? कोणाकडे व्हिडिओ असेल तर कृपया टाका.