बेंच रिकामा करायचा, वर विश्रांतीलाही दंड: एनबीएचं हे कुठलं गणित?

तिसरा_क्वार्टर

पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा. पगारमर्यादा आणि खेळाडूंची विश्रांती या दोन विषयांवर नेहमी वेगवेगळा वाद होतो. माझ्या मते दोन्ही नियम शेजारी ठेवले तरच त्यातली गोम कळते.

पगाराचं आधी. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, १९८४-८५ पासून आहे. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी साडेपंधरा कोटींच्या आसपास. ती कडक कधीच नव्हती: आपलाच खेळाडू टिकवायला ओलांडा, लक्झरी टॅक्स (जादा पगारावरचा कर) भरा, विषय संपला. २०२३ च्या करारात मात्र 'सेकंड एप्रन' नावाची वरची रेघ आली (२०२५-२६ ला सुमारे २० कोटी ७८ लाख). तिच्यापलीकडे गेलात की नुसते पैसे भरून सुटका नाही. दोघांचे पगार जोडून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) आणता येत नाही, मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपपलीकडेही मध्यम पगारावर खेळाडू घ्यायची सवलत) जातं, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) गोठवला जातो.

विश्रांतीचं. २०२३-२४ पासून ८२ पैकी ६५ सामने खेळला नाहीत तर एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू), ऑल-एनबीए (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा संघ) यांसाठी नावच धरत नाहीत. सामना मोजला जायला २० मिनिटं कोर्टवर हवं, दोन सामन्यांपुरती १५ चालतात. शिवाय स्टार खेळाडूंना बसवण्याचे नियम मोडले तर संघाला दंड: पहिल्यांदा १ लाख डॉलर, मग अडीच लाख, पुढे दर खेपेला आधीपेक्षा १० लाख जास्त.

आता जोडून बघा. बोस्टन २०२४ ला जिंकलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांचे दोन मुख्य खेळाडू गेले: हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला. खेळ आवडत नव्हता म्हणून नाही, बेरीज बसत नव्हती म्हणून. म्हणजे एका हाताने संघातला चौथा-पाचवा चांगला माणूस काढून घ्यायचा, आणि उरलेल्या दोघांनी अंग राखलं की दुसऱ्या हाताने छडी. इंडियानाच्या हॅलिबर्टनचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला. ऑल-एनबीएत आला तर करारात सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरची वाढ, ६५ सामने भरले नाहीत तर शून्य. मोजून-मापून मिनिटं खेळत त्याने ६९ सामने काढले. त्याच्या जागी कोण घरी बसलं असतं?

परदेशी_पाटील

खेळाडूंचा कळवळा समजला, आता प्रेक्षकाचंही ऐका. लीगच्या वेस्ट गटातला संघ ईस्ट गटातल्या गावात वर्षातून एकदाच येतो. मुलाच्या वाढदिवसाला तिकिटं काढली होती, एका फार मोठ्या खेळाडूला बघायचं म्हणून. जाहिरातीत त्याचाच फोटो. पोरगा त्याची जर्सी घालून दोन तास आधी आत, वॉर्म-अपला तो येतो आणि सह्या देतो असं कुठे तरी वाचलं होतं त्याने. साहेब सूट घालून बेंचवर. दुखापत नाही, आदल्या रात्री दुसऱ्या गावात खेळले म्हणून आराम. पैसे परत मिळतील का विचारलं, तर म्हणे सामना झाला ना! लीगने दंड लावला तर मी तरी टाळ्या वाजवीन.

तिसरा_क्वार्टर

पाटीलसाहेब, तुमचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. लागोपाठ दोन रात्री दोन गावांत सामना त्या खेळाडूने ठेवला नव्हता. ८२ सामने १९६७-६८ पासून चालत आलेत. २०२०-२१ ला कोविडमुळे ७२ झाले, आभाळ कोसळलं नाही. पण १० सामने कायमचे कमी करा म्हटलं की सगळे गप्प.

हिशेबनीस

गप्प कोण? खेळाडूसुद्धा! बास्केटबॉलच्या उत्पन्नातला साधारण ५१ टक्के वाटा त्यांचा. नवा टीव्ही करार ११ वर्षांचा, ७६ अब्ज डॉलरचा. सामने कमी म्हणजे गेटचे पैसे कमी, उत्पन्न कमी, म्हणून कॅप कमी, म्हणून पगार कमी. खेळाडूंच्या संघटनेला हे पाठ आहे. ६५ ची अट कमिशनर सिल्व्हर यांनी मध्यरात्री लादलेली नाही, सामूहिक करारात संघटनेने ती मान्य केली आहे. स्वतः सही करायची आणि मग अन्याय म्हणायचं, हे काही पटत नाही.

खडकीकर

जॉर्डन २००२-०३ ला वॉशिंग्टनकडून ८२ च्या ८२ खेळला. मोसम चालू असताना चाळिशी पूर्ण केली. बाकी चालू द्या.

प्रज्ञा_क

@खडकीकर, मी फिजिओ आहे, त्यामुळे हे जॉर्डनपुराण आठवड्यातून एकदा ऐकते. 😀 त्या काळचा कोर्ट आठवा, सगळी गर्दी बास्केटजवळ. आता एकेक संघ सामन्यात ३७ च्या आसपास थ्री-पॉइंटर (लांबून तीन गुणांचे शॉट) घेतो. प्रत्येक शॉटमागे कुणी तरी आतून बाहेर जीव खाऊन धावतो, थांबतो, उडी मारतो. झीज त्या थांबण्यात असते. नुसते सामने मोजून दोन काळांची तुलना होत नाही.

आणि कोणी लीगचा जानेवारी २०२४ चा अहवाल फेकायच्या आधी सांगते: हो, विश्रांतीने दुखापती कमी होतात असं त्यात दिसलं नाही. पण बसवतात कोणाला? ज्याचा गुडघा आधीच कुरकुरतोय त्याला. मग तो पुढे जायबंदी झाला तर विश्रांती निरुपयोगी ठरते का? गोळ्या घेणारेच जास्त आजारी असतात, म्हणून गोळ्या बंद करा म्हणण्यातली गत.

खरं बोलायचं तर मला फिलाडेल्फियाचा एम्बीड आठवतो. २७ जानेवारी २०२४, डेन्व्हरला ऐन वेळी बसला. डेन्व्हरच्या योकिचला घाबरला म्हणून जगभर थट्टा. ६५ च्या हिशेबात त्याच्याकडे फारशा सुट्ट्या उरल्या नव्हत्या. ३० तारखेला गोल्डन स्टेटविरुद्ध उतरला. चाल बघूनच कळत होतं की हा बरा नाही. समोरच्या संघाचा कुमिंगा त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडला, मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेची) शस्त्रक्रिया झाली, एकूण ३९ सामन्यांवर नियमित मोसम संपला. अटीमुळेच गुडघा गेला असं मी म्हणणार नाही, कोणी पडलं की कोणाचाही जाईल. पण त्या रात्री तो तिथे का होता, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना विचारायलाच हवा.

नागपूरचा_गार्ड

विश्रांतीबद्दल ताईंशी सहमत. पण धागाकर्त्याने पगारमर्यादेला उगाच खलनायक केलंय. भाऊ, ओक्लाहोमा सिटीच्या जागी बसून बघा. २०१६ ला टीव्हीच्या पैशाने कॅप एकदम ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. गोल्डन स्टेटने नियमित मोसमात ७३ सामने जिंकले होते, तरी त्यांच्याकडे जागा झाली आणि आमचा ड्युरंट उचलला गेला. लहान गावाने आठ वर्षं वाढवलेला माणूस! वाढ टप्प्याटप्प्याने करा असं लीग सांगत होती, संघटनेने नाही म्हटलं. आता बघा: २०१९ ते २०२५ सात वर्षांत सात वेगळे विजेते. टोरंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन आणि शेवटी आमचं ओक्लाहोमा. एप्रन नसता तर हे झालं असतं?

तिसरा_क्वार्टर

झालं असतं नव्हे, झालंच. सातपैकी पाच विजेते एप्रनच्या आधीचे आहेत. आणि यातलं पहिलंच नाव टोरंटो. कवाय लेनर्डला त्यांनी त्या मोसमात ६० सामने खेळवलं, बाकी आराम, आणि जूनमध्ये तो फायनल्सचा एमव्हीपी. आजच्या अटीत तोच माणूस ऑल-एनबीएला अपात्र. जे करून संघ जिंकला तेच आता गुन्ह्याच्या यादीत.

ओक्लाहोमाचं म्हणाल तर थांबा जरा. तुमच्या तिघा मुख्य खेळाडूंचे मोठे करार लागू झाले की तुमचाही बेंच (राखीव खेळाडू) विकायला निघेल, तेव्हा हाच धागा वर काढू.

परदेशी_पाटील

कवायचं उदाहरण देऊन तुम्ही माझीच बाजू मांडलीत. टोरंटोला कप मिळाला, पण त्या २२ सामन्यांची तिकिटं ज्यांनी घेतली त्यांना काय? २०१२ मध्ये स्पर्सचे प्रशिक्षक पॉपोविच यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीनला मायामीच्या सामन्याआधी थेट घरी धाडलं. देशभर टीव्हीवर दिसणारा सामना. तेव्हाचे कमिशनर स्टर्न यांनी अडीच लाखांचा दंड ठोकला, बरोबर केलं.

खडकीकर

आणि तो सामना स्पर्स पाचच गुणांनी हरले, १०५-१००. म्हणजे बेंच चांगला असेल तर स्टारशिवायही तिकीट वसूल होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये डंकनच्या नावापुढे अधिकृत स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण 'म्हातारा' असं छापलं होतं. आजच्या लीगने त्या एका शब्दासाठी चौकशी समिती नेमली असती.

मधला_यष्टी

बुमराह २०२५ ला इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोट्या खेळला. इथे दीड महिना भांडणं झाली. इकडून तिकडून सारखंच.

हिशेबनीस

सारखं नाही हो. बुमराहचा करार पत्रकारांच्या मतावर अवलंबून नाही. खरी अडचण मला तिथे वाटते, आणि एवढ्यापुरता मी धागाकर्त्याच्या जवळ येतो. ऑल-एनबीए संघ निवडतात माध्यमांतले १०० मतदार, आणि त्या निवडीवर खेळाडूला कॅपच्या २५ टक्के मिळणार की ३० हे ठरतं. एमव्हीपीला ६५ ची अट खुशाल ठेवा, ट्रॉफीच आहे ती. पगाराची पायरी तिच्यापासून सोडवा.

प्रज्ञा_क

ट्रॉफीपुरतीही मला नको. स्पर्सच्या वेंबन्यामाला फेब्रुवारी २०२५ मध्ये खांद्यात रक्ताची गुठळी निघाली. ४६ सामन्यांवर थांबला, सर्वोत्तम बचावपटूचा किताब हातचा गेला. आळस करणारा आणि आजारी, दोघांना एकच फूटपट्टी?

हिशेबनीस

४६ म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. अट नसतानाही मी त्याला मत दिलं नसतं. किताब मिळालेला क्लीव्हलंडचा मोबली ७१ खेळला, त्याचा काय दोष?

नागपूरचा_गार्ड

मोबलीचा संघही २०२५-२६ ला सेकंड एप्रनच्या वर गेला. @तिसरा_क्वार्टर, क्लीव्हलंडचा बेंच किती दिवस टिकतो यावर पैज लावता का? मी दोन मोसम म्हणतो.